आधी हातचं काम, मग सांगणं : शिक्षा भोगून आलेल्या एका वेल्डरचं प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला इथे दत्ता म्हणू. त्याने हा मजकूर वाचला, दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या आहेत. कारागृहातून सुटलेल्यांना काम मिळवून देण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. त्यात आमच्या हातून झालेल्या चुका मला सगळ्यांत जास्त याच प्रकरणात दिसल्या, म्हणून हे निवडलं.

पार्श्वभूमी

दत्ताचे आईवडील सोलापूर जिल्ह्यातून बिगारी कामासाठी पुण्याकडे आले. दत्ता इथेच वाढला, दहावीनंतर आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड केला आणि ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. २०१३मध्ये वस्तीतल्या भांडणात पोलिसांनी दहा-बारा पोरांवर एकत्र गुन्हा नोंदवला: बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ. दत्ता त्यांतला एक. त्या वेळी लगेच जामीन झाला आणि तारखा चालू राहिल्या.

२०१६चं प्रकरण वेगळं. दोन मित्रांबरोबर मोटारसायकलवर जाऊन एका माणसाला धमकावलं, मोबाइल आणि खिशातले पैसे काढून घेतले. भारतीय दंड संहितेचं कलम ३९२, म्हणजे जबरी चोरी. वय २३. दत्ता हे कधी सौम्य करून सांगत नाही. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. जामीनदार राहणाऱ्याकडे पगाराची स्लिप, सातबारा नाहीतर घराचा उतारा असावा लागतो, आणि भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या ओळखीत असा माणूस सहसा नसतो. चौदा महिने तो कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच, आत राहिला. देशातल्या तुरुंगांत २०२२अखेर दर चार बंद्यांमागे सुमारे तीन जण असेच कच्चे होते, हे इथे सांगून ठेवते.

मग शिक्षा झाली: ३ वर्षं सक्तमजुरी. आधीचे चौदा महिने त्यातून वजा झाले, माफीचे दिवस मिळाले, आणि २०१८च्या अखेरीस तो येरवड्यातून बाहेर आला. आत असताना त्याने कारखाना विभागात लोखंडी कामावर काम केलं होतं. हात चालू राहिला होता. पण बाहेरच्या सुपरवायझरला समजेल असा या कामाचा कागद त्याच्याजवळ नव्हता. होता तो फक्त सुटकेचा दाखला, आणि तो दाखवला की पुढचं बोलणंच थांबायचं.

२०१९मध्ये भांडणाच्या खटल्यात सगळे निर्दोष सुटले. लग्न झालं, मुलगी झाली, लॉकडाऊन आला. या काळात तो मजूर अड्ड्यावर उभा राहून मिळेल ते काम करत होता. आमच्याकडे आला जून २०२२मध्ये, वय २९.

अडचण नेमकी कुठे होती

काम मिळत नाही, अशी त्याची तक्रार नव्हती. तो म्हणाला, "ताई, काम मिळतं. टिकत नाही."

पहिल्यांदा तो सिक्युरिटी गार्ड म्हणून गेला. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५चा कायदा आहे आणि त्यानुसार गार्ड नेमण्याआधी त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची खात्री एजन्सीने करायची असते. तिथे पडताळणीतच थांबला. दुसऱ्यांदा रिक्षा चालवायचं ठरवलं, तर बॅजसाठी चारित्र्य पडताळणी. तिसरा प्रसंग सगळ्यांत जिव्हारी लागला. वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो ठेकेदारामार्फत वेल्डर म्हणून लागला. पाच महिने काम केलं, एकही तक्रार नाही. मग कंपनीने सगळ्या ठेका कामगारांची पडताळणी मागवली आणि एका सकाळी त्याचा गेटपास चालेना. कोणी काही सांगितलं नाही. डबा घेऊन गेटबाहेर दोन तास उभा राहिला आणि घरी आला. बायकोला मात्र पंधरा दिवस सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि अड्ड्यावर जाऊन उभा राहायचा.

कायद्याचं चित्र थोडक्यात सांगते, कारण पुढचे निर्णय त्यावरच झाले. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा घडला तर बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम २४ने, काही अपवाद सोडले, तर त्याला पुढे अपात्रता चिकटत नाही. शिक्षेऐवजी न्यायालयाने परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडलं तर १९५८च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ असंच संरक्षण देतं. प्रौढपणी शिक्षा भोगलेल्या माणसासाठी मात्र, अमुक वर्षं नीट वागलास की नोंद मागे पडेल, असा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये तो १९७४पासून आहे. शिवाय काही दारं कायद्यानेच बंद आहेत: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बँक नोकरीवर ठेवू शकत नाही. खासगी कारखान्यात वेल्डिंग करायला मात्र कसलीही कायदेशीर आडकाठी नाही. तिथे अडवतं ते कंपनीचं धोरण, ग्राहकाची अट किंवा मालकाची भीती.

आम्ही त्याला स्वतःचंच चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून काढायला लावलं. मालकाच्या हाती जे पडणार आहे ते आधी आपण बघावं, एवढाच हेतू. आणि तिथे एक गोष्ट कळली. नोंदी दोन होत्या. ३९२ची होतीच. पण २०१३चं भांडणही होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं "न्यायप्रविष्ट". निर्दोष सुटून तीन वर्षं झाली होती. कागदावर मात्र तो एका गुन्ह्यात शिक्षा झालेला आणि दुसऱ्यात खटला चालू असलेला, म्हणजे अजून त्यातच असलेला माणूस दिसत होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठेकेदारानेच सुचवला होता: दुसऱ्या कंपनीत जा, फॉर्मवर "नाही" लिही, पुढचं पुढे बघू. हा पर्याय आम्ही हसून बाजूला सारला नाही. खोलीभाडं दोन महिने थकलं होतं, मुलगी दीड वर्षाची होती. तो म्हणाला, "पाच महिन्यांचे पाच पगार तर मिळतात." त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. पण पाच महिन्यांनी पुन्हा गेटवर उभं राहायचं आणि या वेळी वर खोटं बोलल्याचा डाग. नोंद लपवली म्हणून काढलं, तर तो नवा, आजचा, खरा दोष ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत लपवणं हा स्वतंत्र मुद्दा धरला आहे. त्याच निकालातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला समजावते: माहिती लपवली असं म्हणण्यासाठी फॉर्ममधला प्रश्न नेमका असावा लागतो, जे नेमकं विचारलं तेच सांगायचं असतं. "गुन्हा नोंद झाला आहे का", "खटला चालू आहे का" आणि "शिक्षा झाली आहे का" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपली माणसं भीतीने एक तर तिन्हींना "नाही" लिहितात, नाहीतर एकाच प्रश्नाच्या उत्तरात सगळा जन्म ओततात. खासगी मालकाला हा निकाल तसा बांधत नाही, पण उत्तर कसं द्यावं याचं वळण त्यातून मिळतं.

दुसरा पर्याय स्वतःचा ग्रिल-गेटचा धंदा. सुटलेल्या बंद्यांना महिला व बालविकास विभागाकडून, जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांमार्फत, अनुदान मिळू शकतं. पण मशीन, गाळ्याचं डिपॉझिट आणि पहिले तीन महिने उधारीवर काम करण्याची ताकद हे सगळं त्यात बसत नव्हतं. दत्तालाच ते नको होतं. "गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन माप घ्यायचं, आणि उद्या त्याला कळलं तर?" असं तो म्हणाला. आईचं म्हणणं होतं, गावी जा. गावात जमीन नाही, विषय तिथेच संपला.

उरला तिसरा: वीस-पंचवीस कामगारांचा, जॉबवर्क करणारा गाळा, जिथे निर्णय घेणारा माणूस समोर बसलेला असतो. आणि त्याला खरं सांगून आत जायचं. हा निवडला.

काय केलं

आधी कागद. २०१९च्या निकालाची सही नक्कल काढायला न्यायालयाच्या नक्कल विभागात तीन फेऱ्या झाल्या, कारण दत्ताकडे खटल्याचा क्रमांकच नव्हता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने शोधून तो मिळवला. नक्कल जोडून पोलीस ठाण्यात आणि पडताळणीच्या शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. नोंद दुरुस्त व्हायला चार महिने गेले. या चार महिन्यांत तो अड्ड्यावरच होता आणि आमच्यावरचा त्याचा विश्वास पातळ होत गेला, हे मला दिसत होतं.

या काळात आम्ही एक मोठी चूक केली. एका ओळखीच्या कारखानदाराला मी स्वतः फोन केला. चांगला मुलगा आहे, चूक झाली होती, शिक्षा भोगली, संधी द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बघतो मॅडम, कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा फोन करणार तेव्हा दत्ता म्हणाला, "ताई, तुम्ही आधी माझा गुन्हा सांगता. मग मी वेल्डर आहे हे सांगता."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि पद्धत बदलली. फॅब्रिकेशनच्या धंद्यात एक चांगली रीत आहे: वेल्डरला कोणी प्रमाणपत्र फारसं विचारत नाही, ट्रायल घेतात. प्लेट देतात, उभी जोडणी (थ्रीजी पोझिशन) मारायला सांगतात आणि बीड, म्हणजे वेल्डिंगची उमटलेली रेघ, बघून पाच मिनिटांत कळतं. मग ठरवलं: आधी ट्रायल. मालकाने पगाराची गोष्ट काढली की त्याच बैठकीत, रुजू व्हायच्या आत, दत्ताने स्वतः सांगायचं. आम्ही बरोबर नसायचं; फोन नंबर तेवढा द्यायचा.

काय सांगायचं याचा सराव केला. मी लिहून दिलेल्या मसुद्यात "दुर्दैवाने माझ्या हातून" असे शब्द होते. दत्ताने ते खोडले. दुर्दैव नव्हतं, मी केलं होतं, म्हणाला. शेवटी चार वाक्यं उरली: काय केलं, किती शिक्षा झाली, ती पूर्ण केव्हा झाली, त्यानंतर आजपर्यंत काही नाही. आणि प्रमाणपत्राची प्रत खिशात.

फेब्रुवारी २०२३. औद्योगिक वसाहतीतला गाळा, साधारण पंचवीस माणसं. ट्रायल झाली, मालकांनी बीड बघितला, सोळा हजार म्हणाले. दत्ताने चार वाक्यं सांगितली. नंतर मालकांनी मला सांगितलं की पहिल्यांदा त्यांना राग आला, आधी का नाही सांगितलं म्हणून. मग वाटलं, आधी सांगितलं असतं तर आपण ट्रायल घेतलीच नसती.

त्यांनी दोन दिवस मागितले आणि मला फोन केला. त्यांचे प्रश्न मला अजून आठवतात, कारण ते सगळे व्यवहाराचे होते. पोलीस माझ्या गाळ्यात येतील का? बाकीच्या पोरांना सांगायचं का? उद्या काही गेलं तर पहिलं नाव याचंच येईल, तेव्हा मी काय करू? पहिल्या प्रश्नाला मी "नाही येणार" म्हणाले. ते चुकलं, पुढे येतंच आहे. दुसऱ्याला म्हटलं, ते दत्ताला विचारा. तिसऱ्याला म्हटलं, जे इतर कोणाच्या बाबतीत कराल तेच: आधी मोजणी, रजिस्टर, मग विचारणा, आणि विचारणा सगळ्यांना. त्यांनी तीन महिन्यांची मुदत ठेवून घेतला, पण पीएफ आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून लावला. मुदतीवर ठेवलेल्या माणसाला असं सहसा कोणी करत नाही.

गणपतीच्या आधीचा आठवडा

सप्टेंबर २०२३. ज्यांच्यावर जुने गुन्हे आहेत त्यांना सणांच्या आणि निवडणुकांच्या आधी ठाण्यात बोलावून प्रतिबंधात्मक नोटिसा देतात, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतात. आम्हाला हे माहीत होतं. तरी आम्ही विसरलो. घरी कुलूप दिसलं म्हणून हवालदार विचारत विचारत गाळ्यावर आला आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, दत्ताचं नाव घेऊन उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत पंचवीस जणांना सगळं कळलं होतं, किंवा प्रत्येकाला काहीतरी वेगळंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांनी लॉकर बदलून मागितले. दत्ता तिसऱ्या दिवशी कामावर गेलाच नाही.

या आठवड्यात तीन निर्णय झाले आणि नोकरी त्यांच्यावर टिकली. मालकांनी त्याला घरी फोन केला, पगाराबद्दल किंवा हजेरीबद्दल चकार शब्द न काढता "उद्या ये, काम अडलंय" एवढंच म्हणाले. दत्ताने ठरवलं की आपण स्वतःच सांगायचं. चहाच्या वेळी त्याने तीच चार वाक्यं सगळ्यांसमोर म्हटली. वेल्डिंग विभागाच्या सुपरवायझरने तेवढ्यात विषय संपवला: "ऐकलं ना? चला, शिफ्ट चालू." लॉकरचं मालकांनी असं केलं की सगळ्यांनाच नवीन कुलपं दिली, कोणाचीही जागा बदलली नाही.

तिसरा निर्णय आमचा. मालकांचं पत्र घेऊन आम्ही ठाण्यात गेलो: हा माणूस अमुक ठिकाणी नोकरीला आहे, शिफ्टच्या वेळा या, नोटीस द्यायची तर संध्याकाळी फोन करून बोलवा, तो येईल. ठाणे अंमलदाराने पत्र ठेवून घेतलं. २०२४च्या निवडणुकांत आणि गणपतीत फोनच आला. दत्ता जाऊन सही करून आला. आता कायदा नवा आहे, नागरिक सुरक्षा संहिता. कलमांचे क्रमांक बदलले, बोलावणं तेच.

वेगळं काय करता आलं असतं

हे पत्र फेब्रुवारीतच, तो रुजू झाला त्या आठवड्यात द्यायला हवं होतं. सात महिने आमच्या हातात होते. मी मालकांना "पोलीस येणार नाहीत" म्हटलं तेव्हा ती माझी इच्छा होती, माहिती नव्हती. आता मी म्हणते: येऊ शकतात, आणि ते गाळ्यावर येऊ नयेत म्हणून आपण आधी हे करू.

कागदांचं काम सुटकेच्या आधी सुरू व्हायला हवं. आत असतानाच बाकीच्या खटल्यांचे क्रमांक आणि तारखा एका कागदावर लिहिलेल्या असत्या, तर चार महिन्यांचे कदाचित दोन झाले असते. आणि कारखाना विभागात काय काम केलं, कोणतं मशीन, किती महिने, याचं साध्या भाषेतलं एक पान मिळालं असतं तर अड्ड्यावरची वर्षं कमी झाली असती असं मला वाटतं. आता सुटकेआधीच्या भेटीत आम्ही हे पान बंद्याकडूनच लिहून घेतो.

एका गोष्टीबद्दल अजून माझं मत पक्कं होत नाही. गाळ्यातल्या लोकांना सुरुवातीलाच सांगावं का? दत्ताने फेब्रुवारीत नको म्हटलं होतं आणि तो त्याचा हक्क होता. आधी सांगितलं असतं तर सप्टेंबरचा धक्का बसला नसता. पण सात महिन्यांच्या कामाने जी पत तयार झाली होती, तीही तेव्हा नसती. सुपरवायझर त्याच्या बाजूने बोलला तो त्या सात महिन्यांमुळेच.

आणि त्याच्या बायकोशी आम्ही पहिल्या वर्षात एकदाही नीट बोललो नाही. हवालदार घरी येऊन गेल्यावर शेजाऱ्यांना तोंड तिने दिलं.

निष्पत्ती

दत्ता त्याच गाळ्यात आहे. पगार आता बावीस हजार, ओव्हरटाइम वेगळा. नवीन प्रमाणपत्रात २०१३ची नोंद निर्दोष म्हणून आली आहे. ३९२ची ओळ आहे तशी आहे, ती जाणार नाही. मालकांनी आमच्याकडून आणखी दोघांना घेतलं. एक अजून आहे. दुसरा आठ दिवसांत न सांगता निघून गेला. त्या दिवशी मला वाटलं, आता दार बंद होणार. मालक म्हणाले, "मॅडम, न सांगता जाणारे मला दर महिन्याला भेटतात."

अडथळा पूर्ण गेलेला नाही, तो पुढच्या गेटवर सरकला आहे. गाळ्याला आता एका मोठ्या ग्राहकाच्या प्लांटमध्ये जाऊन स्ट्रक्चर उभारायचं काम मिळतं. साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाचं चारित्र्य प्रमाणपत्र त्या कंपनीला लागतं आणि नोंद असेल तर गेटपास नाही, मग ती नोंद कसली, केव्हाची, हे बघायची सोय त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. साइटचा भत्ता जातो. त्याहून मोठं म्हणजे साइट इन्चार्जची जागा, जी अनुभवाने त्याची होती, ती त्याने शिकवलेल्या मुलाला मिळाली.

मालकांनी त्या कंपनीच्या एचआरला पत्र लिहायचं ठरवलं आहे. सरसकट नकाराऐवजी तीन गोष्टी बघाव्यात अशी विनंती: गुन्ह्याचा या कामाशी संबंध काय, किती वर्षं झाली, मधल्या काळात माणूस काय करत होता. सोबत दत्ताचं हजेरी रजिस्टर, ईएसआयचा तपशील, सुपरवायझरचा अभिप्राय. गेल्या रविवारी आम्ही तिघं गाळ्यात बसून मसुदा केला. मालकांनी सुरुवात लिहिली होती, "आमच्याकडील एक कामगार, ज्यास पूर्वी शिक्षा झाली होती". दत्ताने कागद ओढून घेतला आणि वर दुसरी ओळ लिहिली: "आमच्याकडील वेल्डर, अनुभव दोन वर्षे, थ्रीजी पोझिशन, मिग आणि आर्क." मग कागद परत दिला आणि म्हणाला, आता खाली बाकीचं लिहा.